खिडकीची जागा

माझ्या बापाने सत्तावीस वर्षे आगगाडीचा रूळ ठोकला, पण आगगाडीच्या खिडकीजवळ तो कधी बसला नाही. पास होता त्याला. रेल्वेचा माणूस, कुटुंबाचा पास मिळायचा. तरी डब्यात शिरला की तो दाराजवळ, संडासाच्या बाजूला, उकिडवा बसायचा. बाकडे रिकामे असले तरी. "वर बस नं बाबा," म्हटले की म्हणायचा, "अठीच बरा हाव मी." त्याचे ते उकिडवे बसणे माझ्या डोक्यात गिट्टीसारखे रुतून राहिले आहे.

हे सारे उकरून निघाले ते पोरामुळे. पोरगा पुण्याला नोकरीला आहे. २०२३ च्या दिवाळीत गावी आला आणि मोबाईलवर फोटो दाखवायला लागला. डब्याला काचेचे छप्पर, फिरत्या खुर्च्या, बाहेर हिरवा डोंगर. पुण्या-मुंबईच्या डेक्कन एक्सप्रेसला आणि डेक्कन क्वीनला असा डबा २०२१ पासून लावतात. "बाबा, यंदा तुम्हांला आणि आईला डोंगरातल्या रेल्वेची सहल करवतो," म्हणाला. आमची घरची चुलीपुढे होती. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिले आणि परत भाकर थापायला लागली. त्या पाहण्यात अडतीस वर्षांचा हिशेब होता. तो पुढे सांगतो.

माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो चिडीचा. म्हटले, "आपले लोक गाडीत कशासाठी बसतात, माहीत आहे का तुला? चौदा ऑक्टोबरला नागपूर. सहा डिसेंबरला दादर. एक जानेवारीला भीमा-कोरेगाव. नाहीतर मोर्चा. नाहीतर पोट भरायला परमुलखात. डोंगर पाहायला कोणी बसत नाही."

पोरगा म्हणाला, "काहून नाही बसत?"

गड्यांनो, प्रश्न एवढाच आहे. काहून नाही बसत? हा लेख त्या 'काहून'साठी लिहीत आहे.

आपला भंडारा जिल्हा म्हणजे भात आणि तलाव. पण डोंगर नाहीत असे नाही. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा निघाला, त्याच्या आधी सालेकसा-दरेकसाचे सारे जंगल आपल्याच जिल्ह्यात होते. हावड्याच्या लाईनने गोंदियाच्या पुढे गेले, सालेकसा सोडले, की गाडी डोंगरात शिरते. दरेकसाजवळ बोगदा लागतो, मग बोरतलाव, मग डोंगरगड. तिथेच हाजरा फॉल आहे, आणि कचारगडची गुहा आहे, जिथे माघ पौर्णिमेला गोंड बांधव लाखोंनी येतात. त्यांची ती यात्रा म्हणजे त्यांचा सहा डिसेंबरच म्हणा. डब्यात अशीच गर्दी, आणि शहाण्या लोकांची नाकेही अशीच वर.

आणि गोंदियाहून छोटी लाईन होती. गोंदिया, बालाघाट, नैनपूर, जबलपूर. बंगाल नागपूर रेल्वेने गेल्या शतकाच्या पहिल्या वर्षांत टाकलेली, अडीच फुटी रुळाची. सातपुड्यातून वळत वळत जायची. ऑक्टोबर २०१५ ला बालाघाट-नैनपूरचा शेवटचा छोटा तुकडा बंद पडला. शेवटच्या दिवसांत कॅमेरेवाले आले, हळहळले, केवढे सौंदर्य गेले म्हणाले. त्या गाडीत टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायांना विचारले असते तर त्या म्हणाल्या असत्या, मोठी लाईन लवकर करा, आमचा दिवस गाडीतच जातो. कोणाचे सौंदर्य आणि कोणाचा दिवस, हे आधी ठरवायचे असते. पण हेही अर्धेच खरे. त्याच बाया खिडकीतून बाहेर पाहून गाणीही म्हणत. मी ऐकलेली आहेत.

बाप १९५२ ला गँगमध्ये लागला. म्हणजे १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे राहिले तेव्हा तो नोकरीत होता. बाबासाहेबांना आपल्या जिल्ह्याने पाडले. हा डाग आपल्या जिल्ह्यावर आहे आणि तो आपण जयंतीच्या भाषणात फार हळू आवाजात सांगतो. बाप मात्र मोठ्याने सांगायचा.

गँगमनचे काम म्हणजे काय, हे नवीन पोरांना ठाऊक नसेल म्हणून लिहितो. पहार खांद्यावर, फावडे, घमेले. स्लीपरखाली गिट्टी ठासायची, रूळ सरकला असेल तर दहा जणांनी पहारी लावून एका हुंकारात जागेवर आणायचा. उन्हाळ्यात रूळ फुगतो, हिवाळ्यात आखडतो. पावसाळ्यात डोंगराचा दगड रुळावर येतो, म्हणून रात्री कंदील घेऊन मैलोगणती चालायचे. तुम्ही झोपेत असता आणि गाडी घाटातून सुखरूप जाते, ती अशा एखाद्या माणसाच्या पायांवर जाते.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ते अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू त्यांनी तिथेच सांगितले, ते आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपण विसरतो. आपला माणूस रेल्वेत गँगमनच का राहतो? पोर्टर का होत नाही? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते, आणि घरात विटाळ चालत नाही. रूळ बाटत नाही, घर बाटते. लोखंडाला जात चालते, पाण्याच्या घड्याला चालत नाही.

माझ्या बापाच्या गँगमध्ये, गावाचे नाव लिहीत नाही, दोन घडे होते. कायदा १९५५ ला आला, घडे त्यानंतरही बरीच वर्षे दोनच होते. एक दिवस बापाने पहार मारून दोन्ही फोडले. पंधरा दिवस कामाला गेला नाही. पुढे घडा एकच आला. हे त्याने मला कधी सांगितले नाही. त्याच्या मयतीला आलेल्या एका कुणबी गँगमनने सांगितले.

त्याने सांगितलेली गोष्ट वेगळी होती. ट्रॉलीची.

मधली काही वर्षे तो ट्रॉलीमन होता. लाईन तपासायला साहेब निघाला की ट्रॉली काढायची. चार लोखंडी चाके, वर लाकडी फळ्या, त्यावर बाकडे, बाकड्यावर साहेब, साहेबावर छत्री. मागून माणसे ढकलणार. कशी? रुळावरून पळत. रुळाचा माथा असतो अडीच-पावणेतीन इंच रुंद, त्यावर पाऊल टाकत पळायचे. चढावर छातीचा भाता व्हायचा. समोरून गाडी यायची वेळ झाली की सगळ्यांनी मिळून ट्रॉली उचलून बाजूला ठेवायची, गाडी गेली की परत चढवायची. साहेब खालीवर उतरणार, नकाशात पाहणार, डोंगर पाहणार. बाप साहेबाची पाठ पाहणार.

१९७८ ला मी नागपूरला कॉलेजात होतो. पँथरचे दिवस. आमचा चार जणांचा अंक निघायचा. मी स्टेन्सिल कापायचो, एकाकडे मशीन फिरवायचे काम, एक शाईने बरबटलेला, एक विकणारा. त्या अंकात मी ट्रॉलीवर कविता लिहिली. ट्रॉलीवर मी मनूला बसवले, छत्री त्याच्या डोक्यावर धरली आणि बापाच्या तळपायाला चरे पाडून त्यातले रक्त रुळावरून पार मुंबईपर्यंत वाहवले. कविता गाजली. तुमसरला एका मेळाव्यात वाचली, लोक उठून उभे राहिले. बाप मागे, सतरंजीच्या बाहेर, उकिडवा बसला होता.

रात्री सायकलवर त्याला डबलसीट घेऊन येत होतो. बराच वेळ तो बोलला नाही. मग मागून म्हणाला, "कविता बरी हाये."

मी फुललो.

"पन बापू, मी त हासत होतो नं. थे काहून नाई लिवलास?"

"कवा हासत होतास?"

"उतारावर. चढाले जीव जाये, थे खरा हाये. पन उतार लागला का ढकलाचा कामच नाई. आमी बी बसू ट्रालीवर. सायेब समोर, आमी मांगं, पाय खाली सोडून. दोनी आंगाले जंगल. फागुनात पळस फुललेला राहे. वारा असा लागे का डोऱ्यातून पानी ये. मंग मी हासो. सायेब बी हासे."

मी सायकल थांबवली नाही. पण राग आला मला. साहेब बी हासे! म्हटले, याला कळत नाही. याला शोषण कळत नाही, याला जाणीव नाही. पुस्तकात वाचलेले सारे शब्द डोक्यात आले. घरी पोचेतो मी बापाला एक शब्द बोललो नाही, आणि ती कविता पुढे आणखी चार ठिकाणी वाचली. उतार त्यात घातला नाही. उतार घातला असता तर लोक उभे राहिले नसते.

तो १९९१ ला गेला. उताराचे मी त्याला परत कधी विचारले नाही. किती फर्लांग उतार होता, कोणत्या मैलाच्या दगडापासून, पाय सोडून बसत तेव्हा पुलावर भीती वाटे की नाही. विचारायला हवे होते.

आता घरचीचा हिशेब.

१९८५ चा सहा डिसेंबर. आमचे लग्न होऊन दोन वर्षे झाली होती. पॅसेंजरने नागपूर, तिथून मुंबईची गाडी. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. रिझर्व्हेशनवाल्यांनी आतून दारे लावली होती, कोणी तरी आतून "फुकटे आले" म्हणाले. आम्ही दोघे दाराजवळ उभे. म्हणजे बापाच्याच जागेवर.

पहाटे इगतपुरी आली. तेव्हा तिथे इंजिन बदलायचे, कारण पुढे मुंबईपर्यंत तारेतली वीज वेगळी, डी.सी. होती. आता सगळीकडे एकच वीज झाली आणि ते बदलणे गेले. तर गाडी बराच वेळ थांबली, मग थळ घाट उतरायला लागली. १८६५ ला सुरू झालेला घाट, सदतीस फुटांना एक फूट उतार. वर चढणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावतात तेव्हा ती चढते. आम्ही उतरत होतो. उजाडत होते. घरचीने दाराचा दांडा धरून बाहेर मान काढली आणि ओरडली, "अजी, पाहा नं! गाव खाली हाये, धुका खाली हाये, आपुन वर हावो!" भाताच्या सपाट मुलखातली बाई. तिने एवढी खोल दरी जन्मात पाहिली नव्हती. बोगदा आला की आत यायची, संपला की परत बाहेर. तिच्या बाजूला कल्याणची एक बाई होती. तिने सांगितले, नेरळहून छोटी गाडी जाते माथेरानला, डोंगरावर, दोन-अडीच तास नुसती वळणे.

चैत्यभूमीवरून परतताना घरची म्हणाली, "एक दिवस थांबू. माथेरान पाहून जावो. तिकीट जास्त नाई म्हने थे बाई."

आणि मी, तिच्या नवऱ्याने, चळवळीच्या कार्यकर्त्याने, दादरच्या फलाटावर तिला भाषण दिले. आपण इथे बापाला वंदन करायला आलो, चैन करायला नाही. डोंगरावर फिरणे हे सुखवस्तू लोकांचे चाळे आहेत. तिकडे नामांतरासाठी आपली पोरे मार खातात आणि तू छोट्या गाडीत बसतेस? आजूबाजूचे दोघे-चौघे माना हलवत होते, त्यामुळे भाषण लांबले.

ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर अडतीस वर्षे माथेरान हा शब्द तिने काढला नाही. सहा डिसेंबरला माझ्याबरोबर पंधरा-वीस वेळा आली असेल. घाट आला की ती झोपेचे सोंग घ्यायची. मला वाटायचे, थकली.

मित्रांनो, मी चूक होतो, आणि चूक होतो हे मला बाबासाहेबांनीच दाखवले, पण फार उशिरा. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आपण सगळ्यांनी वाचले आहे. मसूर स्टेशन, १९०१. स्टेशनमास्तर, गाडीवाले, दुप्पट भाडे, पाण्याविना काढलेली रात्र. ते आपण सांगतो, आणि सांगितलेच पाहिजे. पण त्याच्या आधीचे पान वाचा. ते पोर निघाले होते कशाला? उन्हाळ्याची सुट्टी होती. वडिलांकडे जायचे होते. पोरांनी आगगाडी कधी पाहिली नव्हती. नवे सदरे शिवले, चकचकीत टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. नऊ वर्षांचा भीमराव सहलीला निघाला होता! मसूरला त्यांच्याकडून पाणी हिरावले, हे तर खरेच. पण ती सुट्टीही हिरावली. आणि मी माझ्या बायकोची तीच वस्तू हिरावली. फलाटावर, निळ्या झेंड्याखाली, भाषण करून.

त्याच पुस्तकात १९३४ ची गोष्ट आहे. चळवळीतले तीसेक कार्यकर्ते म्हणाले, बाबासाहेब, आमच्याबरोबर फिरायला चला. बाबासाहेब तयार झाले. वेरूळ पाहायचे ठरले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाचे पाणी घेतले म्हणून लोक अंगावर आले, ते प्रकरण सर्वांना ठाऊक. पण निघाले होते फिरायला! कोणी म्हणाले नाही की ही चैन आहे. मजूरमंत्री असताना त्यांनी आठ तासांचा दिवस लावून धरला, १९४५ ला पगारी सुट्टीचा कायदा झाला, पुढच्या वर्षी कारखान्यातला आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आला. घटनेच्या ४३ व्या कलमात कामगाराला फुरसतीचा पुरता उपभोग मिळावा असे लिहिले आहे. नुसती विश्रांती नव्हे, फुरसत. विश्रांती बैलालाही देतात, उद्या परत जुंपायचा असतो म्हणून.

आम्ही शिका, संघटित व्हा, संघर्ष करा घोकले. फुरसतीचे कलम कोणी घोकले नाही.

तर २०२३ ला आम्ही गेलो. सहा डिसेंबर चैत्यभूमीवर केला. दोन दिवसांनी पोरगा-सून यांच्याबरोबर नेरळ. काचेच्या डब्याचे मी नको म्हटले. घरचीला छोटी गाडीच पाहिजे होती. तिकिटाला मोठी रांग. दोन फुटी रूळ, एकवीस किलोमीटर, आदमजी पीरभॉय यांनी बांधलेली, १९०७ ला सुरू झालेली. पावसाने दोनदा तीनदा वाहून नेली आणि परत उभी केली. २००५ च्या पुरानंतर दोन वर्षे बंद होती, २०१९ नंतर तीन वर्षे. वाहून गेलेला रूळ परत कोण घालते, ते मला सांगायला नको.

घरची खिडकीजवळ बसली. मी समोर. पोरगा माहिती वाचून दाखवत होता, ती ऐकत नव्हती. जुम्मापट्टी गेले, वॉटर पाईप गेले. एका वळणावर खालचा रूळ दिसतो, जिथून आपण आत्ताच आलो तो. तिने तो पाहिला आणि माझ्या गुडघ्यावर चापट मारली. "अजी, थे पाहा, थेच लाईन! आपुन तठी होतो!" चेहरा १९८५ चा. मला रडू आले, ते मी नाक शिंकरून घालवले. रुळाच्या कडेला गँगवाले उभे होते, फावडी टेकवून, गाडी जायची वाट पाहत. मी हात वर केला. एकाने केला, बाकीच्यांनी केला नाही. त्यांचे बरोबर आहे. रोज किती जण हात करत असतील.

वर स्टेशनबाहेर आलो आणि समोर ट्रॉली उभी!

ट्रॉली नव्हे, हातरिक्षा. माथेरानला मोटार चालत नाही. घोडा, नाहीतर माणूस. एक माणूस पुढे ओढतो, मागून ढकलायला आणखी माणसे. आत गादी, वर छप्पर. ई-रिक्षांचा प्रयोग तेव्हा एकदा झाला होता, पण आमच्यापुढे रांगेत हातरिक्षाच उभ्या होत्या. घरचीचे गुडघे गेलेले, उतरायची जागा दीडेक किलोमीटर. एक पन्नाशीचा माणूस पुढे आला. "बसा मावशी. हळू नेतो."

ती म्हणाली, "माह्या सासऱ्यानं सायबाले ढकलला. मी नाई बसत."

त्याला काही कळले नाही. मी समजावून सांगायला गेलो, जरा मोठ्या शब्दांत गेलो. तो म्हणाला, "दादा, तुम्ही बसला नाहीत तर मी आज पोराला काय देऊ?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. चाळीस वर्षे स्टेजवर बोललो, आणि स्टेशनबाहेर उत्तर नव्हते. मी शंभराच्या दोन नोटा काढल्या. तो म्हणाला, "फुकटचे नको."

फुकटे हा शब्द डब्याच्या आतून ऐकलेला माणूस मी. नोटा हातातच राहिल्या.

वाट घरचीनेच काढली. दोन्ही बॅगा त्याच्या हातात दिल्या, मजुरी ठरवली, आणि त्याच्या बरोबरीने चालायला लागली. दर पन्नास पावलांवर बसायची. दगडावर, कठड्यावर. तोही थांबायचा. दीड किलोमीटरला दीड तास लागला. गप्पा झाल्या. तो म्हणाला, रिक्षा ओढायची आम्हांला हौस नाही, छाती भरून येते, लाल मातीच्या चढाला रक्त तोंडात आल्यासारखे वाटते; आमचीच संघटना कोर्टात गेली आहे, म्हणते आम्हांला ई-रिक्षा द्या. घरचीने विचारले, "उतारावर कसा वाटते?"

तो हसला. "उतारावर तर जास्त जपावं लागतं मावशी. रिक्षा अंगावर येते."

म्हणजे सगळ्या उतारांवर पाय सोडून बसता येत नाही. हे मी बापाच्या उताराशेजारी लिहून ठेवतो, नाहीतर आता मी उलटी कविता करायचो.

पुढे ६ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने सांगितले की माणसाने माणूस ओढणे हे घटनेच्या प्रतिष्ठेत बसत नाही, सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन पोट चालू ठेवा. पोराने फोन करून सांगितले. घरचीने विचारले, "थ्या मानसाले भेटली का रिक्षा?" पोराला माहीत नव्हते. निकालाच्या दिवशी आमच्या विहारात पेढे वाटले. तिचा प्रश्न कोणी विचारला नाही. हा अंक वाचणाऱ्या मुंबईकडच्या पोरांनी माथेरानला जाऊन यावे आणि पाहून कळवावे. जाताना छोट्या गाडीनेच जा. खिडकीजवळ बसा, माझी परवानगी आहे. माझ्या परवानगीला कोण विचारतो म्हणा.

परतीला पोराने हट्टाने काचेच्या डब्यातून पुण्याला नेले. बोरघाट लागला. लोक मोबाईल वर करून छताचे फोटो काढत होते. हा घाट १८५६ ते १८६३ मध्ये खोदला. पंचवीस बोगदे. गर्दीच्या दिवसांत चाळीस हजारांवर माणसे कामाला होती आणि त्या वर्षांत चोवीस-पंचवीस हजार मेली असावीत असा इतिहासकारांचा अंदाज आहे. पटकी, ताप, सुरुंग, कडा. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल तोही मेला, मग त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, काम पुरे करवले. त्या दोघांची नावे राहिली. वडारांची, महारांची, बाकीच्यांची नाहीत. मी हे पोराला सांगत होतो. सून म्हणाली, "बाबा, हे सांगताना तुम्ही खिडकीबाहेर पाहतच नाही आहात."

मी पाहिले. खरोखर फार सुंदर आहे तो घाट.

मळवली गेली तेव्हा मी बोट दाखवले. त्या डोंगरात कार्ल्याचे चैत्य आहे, आपल्या भिक्खूंचे. डब्यातल्या कोणी पाहिले नाही. घरचीने हात जोडले.

आता ती म्हणते, दरेकसाला नेऊन दाखवा. मामंजी कोठे पळत होते, उतार कोठून लागे, पळस कोठे होता. मी सांगितले, मला नक्की मैल माहीत नाही, ट्रॉलीही आता फारशी दिसत नाही. म्हणते, "खिडकीतून पाहू, जठी उतार लागन तठी कळन." फाल्गुनात जायचे ठरले आहे. गोंदियाहून कोणती गाडी दरेकसाला थांबते, ते स्टेशनवर जाऊन विचारून यायचे आहे.